दिवसा झोपणाऱ्या मुलाच्या गाडीखाली

एल्को, नेवाडा. ऑक्टोबर. सकाळचे नऊ.
पेयो सोन्याच्या खाणीतून रात्रपाळी करून आलाय,
खिडकीला आतून घोंगडी ठोकून झोपलाय.
म्हणून आज हवेची बंदूक बंद, रेडिओ बंद,
कुत्रीलासुद्धा दटावून ठेवलंय.
जे सैल करायचं ते हातानं.

गाडी त्यानंच वसंतात तीन इंच वर उचलली.
मी म्हणालो होतो, दोन पुरे.
तो हसला, आणि मी चारचौघांत बोलून गेलो,
बस मग उंटावर, आणि हाक शेळ्या.
तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच:
दूध संपलं. बिल आलंय. कुत्री ओकली.

(माझ्या आजोबांनी याच डोंगरांत मेंढ्या हाकल्या, पायी.
त्यांना उंची हवी असली
की चढावं लागायचं.)

सांगाडा वर गेला,
त्याच्या पोटातलं डिफरन्शियल वर गेलं,
चाकं मात्र जमीन सोडीनात.
मधले दोन आस पत्र्याच्या छपरासारखे उतरते,
रबरी बूट दुमडून दुमडून फाटले,
चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचा सडा.
डावा आस महिन्यापूर्वी बदलला,
तोही कुरकुरतोय.
वळताना टक्, टक्, टक्.
रात्री तो निघाला की मी अंथरुणात मोजायचो,
कोपऱ्यापर्यंत किती.

इलाज केवढासा, बुटांच्या खोक्यात मावतो:
ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे, इंचभर जाड,
आणि आधीच्यापेक्षा लांब बोल्ट.
उचललेलं सगळं तसंच राहू द्यायचं,
फक्त त्या जड गोळ्याचं नाक
एक इंच खाली आणायचं.

मागच्या चाकांना ओंडके. पुढं दोन घोड्या.
खालचा पत्रा काढला तर छातीवर
ओंजळभर वाळू आणि एक वाळका सरडा,
शेपटीसकट शाबूत.
तो बाजूला ठेवला. का, माहीत नाही.

गोळ्याखाली जॅक टेकवला, तोलण्यापुरता.
उजवा बोल्ट निमूट सुटला.
डावा नाही.
तेल पाजलं. थांबलो. पुन्हा तेल.
पान्याला पाइप जोडला,
आधी मनगट, मग खांदा,
मग पासष्ट वर्षांचं होतं नव्हतं ते वजन
कडाड्!

समोरच्या टिब्बिट्सबाईंनी पडदा सारला.
कुत्री भुंकलीच.
मी तिथंच उताणा,
बोल्ट सुटला की तुटला
ते कळायच्या आत घरातली फळी वाजली.

मग माझ्या नाकाशी दोन पाय,
एक मोजा करडा, एक हिरवा.
बराच वेळ नुसते पाय.
"हवेची नळी सोडवली?"
नव्हती सोडवली.
"ताणून तुटली असती."
एवढंच. मग खडीवर पाठ घासत
तो आत सरकला,
कानाच्या पाळीत खाणीची धूळ
कितीही धुतली तरी राहते तेवढी.

त्यानं दोन्ही हातांनी गोळा धरला,
मी जॅक सोडत गेलो,
केसभर, केसभर.
ठोकळा आत. तिरका.
"थांब."
सरळ.
"हं."
आट्यांवर निळा डिंक, मग पाना,
ठरल्या जोरावर त्याची ती समाधानी टिक.
आमच्या कोपरांची जागा एकच होती,
कुणीच आपलं कोपर काढलं नाही.

आस अजून तिरकेच आहेत.
थोडे कमी तिरके.
इंचभरात होऊन होऊन किती होणार.
तो उठला, मांड्या झटकल्या,
सरडा उचलून पाहिला, खिशात घातला,
आणि पुन्हा झोपायला गेला.

रात्री नऊला गाडी निघाली.
दिवा मालवून मी मोजायला लागलो.
कोपऱ्यापर्यंत एक टक्.
की फरशीवर कुत्रीची नखं वाजली असतील.