निरीक्षण, वॉर्ड नऊ

दिलवर वसावे, नर्सिंगचं तिसरं वर्ष.
पलंगाच्या पायथ्याशी मी, हातात फोन.
धुळ्याचा मे; कूलर नुसता आवाज करतोय.

स्क्रीन विचारते :
स्वतःची ओळख करून दिली का? हो.
पडदा ओढला का? हो.
रुग्णाला नावानं हाक मारली का?
तो ‘सुपडामाय’ म्हणाला.
केसपेपरवर सुपडाबाई आहे.
अंगठा जरा थबकला. मग, हो.

जखम धुताना तो अहिराणीत
तिच्या बकरीची चौकशी करतो.
बकरीला रकाना नाही.

आदर. एक ते पाच.
मी चारवर बोट नेते
(पाच मी कुणालाच देत नाही,
मलाही कुणी दिले नव्हते)
तेवढ्यात : ‘माय, आठे दख ना.’
वाटलं, ग्लानीत आईला हाक मारतेय.
पुन्हा म्हणाली.
दिलवरचे हात ग्लोव्ह्जमध्ये,
त्यानं हनुवटीनंच दाखवलं : मॅडम, खाली.

पलंगावरून लोंबलेला तिचा पदर,
आणि त्यावर माझी चप्पल.
कधीपासून, कोण जाणे.

पाय उचलताना बोट कुठे पडलं
कळलं नाही.
दोन.
माहिती जतन झाली.

दुरुस्तीसाठी कारण लिहा, म्हणते स्क्रीन,
चाळीस अक्षरांत.
सुपडामाय पदर झटकतेय.