चेहरा जुळत नाही

महाप्याच्या गेटवर यंत्र म्हणालं,
चेहरा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा.
केला. पुन्हा केला.
मागे रांगेत कुणीतरी डबा या हातातून त्या हातात घेतला.
वरचा ओठ तोवर नाकाला भेटायला निघालेला,
डावा डोळा म्हणजे चिंचोक्यावर मारलेली चीर.
वॉचमन ढवळेमामांनी वहीत सही घेतली.
सही तेवढी माझी होती.

घरी जो तो शोधाला लागला.
नणंद म्हणाली, केसांचा रंग.
निकेश म्हणाला, डास,
घणसोलीच्या नाल्यावरचे डास माणूस उचलून नेतील.
सासूने आधी कोळंबी बंद केली, मग वांगं, मग सुकट,
मग मीठ-मिरच्या उतरवून विस्तवावर टाकल्या
आणि घरात कुणालाच ठसका लागला नाही म्हणून
समाधानाने मान हलवली: दृष्टच.

खाज नव्हती. लाली नव्हती.
आत कुणीतरी पीठ भिजवून ठेवलेलं,
ते फुगत चाललेलं.
तिसऱ्या दिवशी उतरलं,
चेहरा आरशात परत आला
उधारी विसरलेल्या पाहुण्यासारखा.
पंधरा दिवसांनी हात.
मग पाऊल, एकच, डावं;
चप्पल पिशवीत घालून
सेक्टर सातच्या सिग्नलवर मी अर्धी अनवाणी.

यादीत एक गोष्ट राहिली होती.
शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीखाली
एकवीस गोळ्यांची पट्टी,
बाणांनी एकमेकांना बांधलेले वार.
आर्या दोन वर्षांची. दुसरं लगेच उरकून घ्या,
असं सगळ्यांचं ठरलेलं.
माझं ठरायचं होतं.
कोपरखैरण्याच्या डॉक्टरांनी विचारलं,
आणखी काही औषध चालू?
सासू शेजारी स्टुलावर, मांडीवर माझी पर्स.
मी नाही म्हणाले,
आणि तो नाही त्या जाड ओठांतून
नीट बाहेरही आला नाही.

मग ती रात्र. आधी आवाज घोगरा,
मग थुंकी गिळेना.
रिक्षा, ठाणे-बेलापूर रोड, वाशीचं हॉस्पिटल.
इंजेक्शनांवर इंजेक्शनं गेली, सूज जागची हलेना.
खोब्रागडे नावाची डॉक्टर,
झोप न झालेली, माझ्याहून लहान,
तिने आधी सगळ्यांना पडद्याबाहेर काढलं
मग वाकून विचारलं,
पाळणा लांबवायच्या गोळ्या घेता?
मी मान हलवली.
आणि माहेरी कुणी असं सुजायचं?

माहेरी.
दिवाळे गावची धर्मीमावशी.
पोटुशी राहिली की तोंड सुजायचं,
बाया म्हणायच्या, मुलगी होणार.
चौथ्या खेपेला, पहाटे, तिचा गळा दाबला
खाडीवरल्या कुणीतरी. असं ठरलं.
त्याला कोंबडा दिला. नारळ दिला.
मी आठ वर्षांची; तिच्या गळ्यावर
बोटांचे ठसे शोधत होते.
नव्हते.

रक्ताचा रिपोर्ट यायला महिना लागला.
गोळ्या त्या रात्रीच सुटल्या.
घरी आले तर पट्टी टेबलावर,
चौदा रिकामी घरं, सात भरलेली.
सासू म्हणाली, बॉबिन कोन भरतं? मना ठाव व्हता.
तू सांगशील म्हनून थांबलेली.
मग सुकट कशाला बंद केलीस, मी विचारलं.
ती पट्टीकडे बघत राहिली.
मना काय ठावं, गोली गला पन दाबते.

आर्याची तपासणीही करून घ्या, असं लिहून दिलंय.
कागद फ्रिजवर आहे, लिंबाच्या चुंबकाखाली.

आईला फोन केला.
म्हटलं, खाडीवर कुणी नव्हतं गं.
रक्तात होतं. तुझ्या, तिच्या, माझ्या.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग ती म्हणाली,
दर वर्षी देतो, त्या नारळाचं काय करायचं?