उसवण

आकाइतीने तांबडं कापड आठपदरी दुमडलं
आणि पेन्सिलही न टेकवता कात्री घातली.
आम्ही तिघी गप्प.
चुकली असती तर ऑकलंडची पुढची बोट
दीड महिन्याने.
घडी उलगडली, तशी व्हरांडाभर
नीरफणसाची पानं झाली.

तेपाएरूला, माझ्या सासूला, ती दिसली नाहीत.
तिने कडेकडेने नुसता हात फिरवला
आणि म्हणाली, "टाकीकडचा देठ जाड झालाय."
आकाइती हसली. देठ खरंच जाड होता.

पांढऱ्या कापडावर तांबडं कापड टाचलं,
चौघींनी चार कोपरे वाटून घेतले.
टाकीकडचा तिने मागून घेतला.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजव्यात सकाळपुरता उजेड.
मी उठल्या उठल्या बारा सुया ओवून
तिच्या उशीच्या शिवणीत टोचून ठेवायचे.
बारा संपल्या की ती हात धुऊन उठायची,
तेरावी कधी मागितली नाही.

टाके मात्र
ओल्या वाळूवरून खेकडा गेल्यासारखे.
एक इथे, एक तिथे,
मध्येच दोन एकमेकांच्या अंगावर.

माझ्या मनात वाईट काही नव्हतं, खरंच.
दिराच्या पोराचे केस कापायचा दिवस ठरलेला,
ऑकलंडमध्ये हॉल घेतलेला, तीनशे माणसं.
ही तिवाएवाए खुर्चीवर पसरायची,
तिच्यावर पोरगं बसवायचं.
लोक आधी खुर्ची बघतात,
पोरगं मग.
जाऊबाईच्या माहेरची तर टाके मोजतात.

म्हणून सगळी निजली की
बॅटरी दातांत धरून मी तिचा कोपरा उसवायचे.
जुना दोरा ओढताना
कापड अगदी बारीक कुरकुरतं,
कुत्रंसुद्धा कान टवकारायचं.
मग त्याच जागी माझे टाके.
सरळ, एकसारखे, मिशनच्या शाळेतले.
दोऱ्याचे तुकडे मी चुलीत टाकायचे.

अकरा रात्री.

बाराव्या सकाळी तिने सुई उचलली नाही.
अंगठा पानाच्या कडेवर ठेवला,
सावकाश पुढे नेला,
परत मागे.
समोर मी नारळ खवत होते, हात थांबले.

"आपल्याच स्वयंपाकघरात
कुणी भांडी हलवून ठेवली," ती म्हणाली,
"की जसं होतं ना,
तसं झालंय या पानाचं."

नाव घेतलं नाही.
चहा मागितला, साखर कमी आहे म्हणून परत केला.
मी साखर घातली. तोही परत केला.

मग बसली.
माझा एकही टाका उसवला नाही.
माझ्या प्रत्येक टाक्याशेजारी
तिचा एक घातला,
वाकडा, ढळढळीत,
बोटाला लागेल असा जाड.
त्या दिवशी बारा सुया पुरल्या नाहीत.
"ओव," म्हणाली.
मी ओवत राहिले.
उजेड गेला तरी तिची बोटं चालूच होती,
तिला त्याचं काय.

हॉलमध्ये पंखे होते, तरी उकडत होतं.
तेओकोताई खुर्चीवर,
केसांच्या बटाबटांना फिती बांधलेल्या,
टाचांनी माझं एक पान सारखं तुडवत,
हातात अर्धी चोखलेली गोळी.
ज्याचं त्याचं नाव पुकारलं की
तो पुढे यायचा, एक बट कापायचा,
मांडीवर नोट ठेवायचा.
पोरगं दर कात्रीला डोळे मिटायचं.
तेपाएरू आली नव्हती. विमान नको म्हणाली.

जाऊबाईची मावशी खाली वाकली,
कोपरा चिमटीत धरला,
उलटा करून मागची बाजूही बघितली.
"इथेच एवढं जाड का गं?"

गोळीचा एक तांबडा ओघळ
पांढऱ्यावर उतरत होता, तो मी पदराने,
नाही, पदर कुठला,
झग्याच्या बाहीने टिपला.

"देठ आहे तो," म्हणाले.