घरवाला माल, दानवाला माल

गांधीबागेत, ब्लँकेटच्या दुकानात
एकवीस हिवाळे झाले मला.
आमच्याकडे दोन मांडण्या.
डावीकडे घरवाला माल, उजवीकडे दानवाला.
घरवाला अडीच किलोचा, मखमली,
त्याच्यावर गुलाब असतात, कधी वाघ.
दानवाला सातशे ग्रॅम. राखाडी, लाल पट्टा.
उजेडासमोर धरू नये.

गिऱ्हाईक पायरी चढलं की मी एवढंच विचारतो,
"घरी न्यायचं की वाटायचं?"
आजवर कोणालाच
या प्रश्नाचं वाईट वाटलेलं नाही.

या महिन्यात वाटायचंच जास्त.
सदरला चर्चपुढे कागदी चांदण्या लागतात,
सीताबर्डीच्या शोरूममध्ये कापसाचा बर्फ पडतो
(कापूस आपलाच, बर्फ कुठला कोण जाणे),
अधिवेशनाच्या बंदोबस्ताला आलेले पोलीस
कान बांधून रस्त्याकडेला संत्री सोलतात,
आणि पारा आठावर उतरला
की शहराला एकदम आठवतं,
काही लोक बाहेर झोपतात.

मग फोन. पाचशे नग. वर क्लबचं नाव छापून.
नाव मोठं पाहिजे, फोटोत आलं पाहिजे.
एकदा पॉलिएस्टरवर शाई धरेना,
तर एका अध्यक्षांनी रात्री अकराला मला झापलं.
मी काही वेगळा नाही.
घडी अशी घालायची की पातळ जाड दिसेल,
ही कला माझी. नव्या पोरांना मीच शिकवतो.

परवा, नाताळच्या आदल्या दुपारी
एक बाई आली. पिशवीतून काढून
काउंटरवर ठेवलं. राखाडी, लाल पट्टा,
धुऊन धुऊन गाळणी झालेलं.
कोपऱ्याला आमचंच लेबल.
मला वाटलं, परत करायला आली.

"पंचफुला नंदेश्वर," ती म्हणाली,
जसं काही मी रजिस्टर उघडून बसलोय.
"लाखांदूरची. मागच्या साली बुढा मेडिकलले भरती होता,
मी बाहेर व्हरांड्यात.
रातच्याले गाडी आली, हे देऊन गेली.
फोटोसाठी उठवलं होतं."

बुढ्याचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.

"आता त्याच जागी बालाघाटची एक पोरगी हाय.
लेकरू काचेत ठेवलं हाय तिचं.
तिले द्याचं हाय. एकच.
पण असं नको. याच्यातून थंडी आरपार जाते."

ठरलेला प्रश्न तोंडात आला
आणि तिथंच अडकला.
वाटायचं तर होतं,
पण माल घरचा हवा होता.

मी डावीकडून गुलाबाचं काढलं. चौदाशेचं.
म्हणालो, चारशे.

तिनं घडी उलगडली, अख्खी,
दारातल्या उजेडासमोर धरली,
कोपरा बोटांत चुरून पाहिला.
"हे चारशेचं नाही. मी का आंधळी हावो?
देणारी मी हाय, तुमी नाही.
बरोबर भाव सांगा."

मग तिनं रीतसर घासाघीस केली.
तेराशे वीस.
लग्नसराईत कार्यालयात भांडी घासल्याचे,
दहा-दहाच्यासुद्धा नोटा, रबरात.
दोनदा मोजून दिल्या, मला तिसऱ्यांदा मोजायला लावल्या.
जुनं ठेवून जाता का, विचारलं,
तर म्हणाली, "राहू द्या. खालून टाकाले येते."

संध्याकाळी शेठजी डावीकडे बघत म्हणाले,
"वसंता, गुलाबवाला एक गेला वाटतं. घरी नेला?"
"हो, घरी," मी म्हणालो.
वहीतही तसंच लिहिलं.

मग पाचशे नगांची गाडी भरायची होती.
घड्या पोरांनी घातल्या,
मी शिकवल्या तशा.
जाड दिसत होत्या.