खळ

खोलीचं तापमान पंचवीस अंश,
असं प्रत्येक शोधनिबंधात लिहिलेलं असतं.
कुणाच्या खोलीचं, ते नसतं.

केगावच्या प्रयोगशाळेत पंखा गरम हवाच फिरवतो.
सिलिंडर मी आणला कन्ना चौकातल्या सोडावाल्याकडून.
"काय मॅडम, लिंबूसोड्याचा गाडा टाकताय?"
तोच वायू. बाटलीतून फसफसून पळणारा,
धुराड्यातून, आणि आत्ता
हे लिहिताना माझ्या नाकातून सुटलेला.
त्याला कोरडा करून, दाबाखाली, जस्ताच्या चिमटीत धरून
कडीला कडी जोडत नेलं
की भांड्याच्या तळाशी काकवीसारखं काहीतरी उरतं.
दोन बोटं धरून ठेवतं.

नानांच्या बोटांना तीस वर्षं रॉकेलचा वास आहे.
टॉवेलवर तिरपं बसलेलं लेबल सोडवायचं, घासायचं,
तरी राहतोच एक पिवळट चौकोन
आणि तो नग सेकंडात जातो,
म्हणजे पगारातून जातो.
मला हवा होता असा गोंद
जो धरेल, आणि सांगितलं की सोडेल.

गज्जम शेठनी शंभर टॉवेल दिले.
लेबलं बसली. नानांनी नखाने उचकटून पाहिलं,
काही बोलले नाहीत. म्हणजे बरं होतं.
गठ्ठे गेले पत्र्याच्या गोदामात.
त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीस.

शनिवारी शटर वर केलं तर
शंभरच्या शंभर लेबलं फरशीवर,
टॉवेल कोरे, डाग नाही की खूण नाही.
शेठना हसू आवरेना.
"सांगायच्या आधीच सोडतोय की ओ तुमचा गोंद!"

घरी अम्मा आधी तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
मग मराठीत, शिकलेल्या पोरीला समजावं म्हणून:
ताण्याला खळ लावतो, ती काय जन्माची असते?
मागावर धागा तुटू नये, एवढ्यापुरती.
पहिल्या धुण्यात जाते.
बारा तास माग चालवणारा माणूससुद्धा
खळीचं नाव काढत नाही, कापडाचं काढतो.
आणि तांदूळ निवडायला बसली.

साखळीत आता थोडा ताठपणा घालतेय.
साठ अंशांपर्यंत दम धरावा,
मग धुण्याच्या सोड्यात निमूट विरावं.
वहीत पंचवीस खोडून लिहिलं:
खोलीचं तापमान चव्वेचाळीस, सोलापूर.
गाईड म्हणाले, असं चालत नाही. मी खोडलं नाही.

फरशीवरचं एक लेबल
अम्माच्या गवती चहाच्या कुंडीत पुरलं होतं.
आज उकरून पाहिलं.
निम्मं उरलंय.
परत झाकलं.