एक लांब, दोन आखूड

शाणू मळीकाचा मुलगा दारात उभा राहिला,
म्हणाला, बाबांच्या फेऱ्या किती झाल्या
त्याचा कागद हवा होता.
कशाला, ते त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
शाणूच्या बाराव्याला मी गेलो नव्हतो.

हिशेब सगळा कॉम्प्युटरात,
आणि कॉम्प्युटर माटोळीच्या चौकटीखाली,
वर जुनी चादर.
बटण दाबलं. काही नाही.
वायर हलवली. काही नाही.
मिक्सर काढून त्याच्या प्लगला लावली
तेव्हा हिरवा दिवा लागला, आत काहीतरी घरघरलं,
आणि पेटी ओरडली:
एक लांब, दोन आखूड.
आतून बायको म्हणाली, बघा हो कोण आलंय,
हॉर्न वाजला.

शेजारची युगंधरा मयेच्या पॉलिटेक्निकात जाते.
स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली, कानात वायर तशीच.
अशा ओरडण्याचा अर्थ, ती म्हणाली,
प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, अंकल.
आपण रॅमपासून सुरुवात करू.
खोडरबर आहे?

झाकण निघालं, आणि आत
तांबडी माती.
पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या बेचक्यांत,
जिथे बोट जात नाही तिथेही.
पिळगावच्या रस्त्यावरसुद्धा आता एवढी नाही.
तिथली पावसांनी नेली, कडेला गवत वाढलं,
माझे दोन्ही टिप्पर भंगारवाल्याने किलोवर नेले.
इथे मात्र स्क्रू लावून ठेवल्यासारखी राहिली.
हा गंज का, अंकल?
नव्हे गो. माल.

तिने फुंकर घातली आणि चार वेळा शिंकली.
पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले,
वहीतलं चुकलेलं गणित खोडावं तसे,
जीभ किंचित बाहेर काढून.
खट्‌ आवाज येईपर्यंत दाबा, म्हणाली. मी दाबली.
या वेळी एकच बीप. आखूड.
पडद्यावर अक्षरं आली:
तारीख हरवली आहे.

डिचोलीच्या बाजारात घड्याळवाल्या हमजाभाईंनी
नाण्याएवढी बॅटरी काढून दिली.
कुठल्या घड्याळाला, विचारलं.
कॉम्प्युटर, म्हटलं.
तेच ते, म्हणाले, सेल संपला की
बिचारं आपल्या जन्मसालात जाऊन बसतं.

आमचं बसलं होतं दोन हजार नऊमध्ये,
एक जानेवारी, मध्यरात्र.
प्लसचं बटण दाबायचं, एकेक वर्ष पुढे.
नऊ: दुसऱ्या टिप्परचा हप्ता सुरू.
दहा: सारमानसच्या जेटीवर बार्ज रांगेत,
आमच्या गाड्या त्याहून लांब रांगेत.
अकरा: शाणूच्या थोरलीचं लग्न, मी दिलेली उचल,
तिच्यापायी नंतर बोलणं तुटलं ते.
बारावर बोट थांबलं नाही.
थांबायला हवं होतं असं वाटतं, म्हणून सांगतो.
बटण दाबूनच धरलं, तर वर्षं धावतच सुटली,
एकतिसात जाऊन पोचलो,
मायनसने परत यावं लागलं.

फाईल उघडली.
शाणूचा मुलगा स्टूल ओढून बसला,
बाहेर पोदेराचा भोंगा गेला, कोणी उठलं नाही.
तो ओळी मोजत होता, ओठ हलवत.
खाली एकूण आकडा होता, त्यावर त्याचा विश्वास नसावा.
माझाही नव्हता.

शेवटची ओळ, चवथीला आठ दिवस असताना:
शाणू, खाणीतून सुटला तीन चाळीसला.
जेटीला पोचल्याचा रकाना कोरा.
काम बंदचा फोन त्याला वाटेतच आला होता,
गाडी त्याने भरलेलीच अंगणात आणून उभी केली,
आणि किल्ली माझ्या हातात दिली नाही,
पायरीवर ठेवली.

ही धरायची का, मुलाने विचारलं.
युगंधरा झाकणाचे स्क्रू शोधत होती, तीन मिळाले,
चौथा नाही.
पंखा मधूनच कुरकुरत होता.
धर, म्हटलं.
आणि ती उचल तिथे लिहिलीय ना, दहा हजारांची,
ती खोड.