वजनकाट्याशी

गावात काटा माझ्याकडे असतो.

मादागास्करच्या नैऋत्येला, वाळू संपून
खडपं सुरू होतात तिथे आम्ही वेझो राहतो.
शेत विचारलंत तर पाण्याकडे बोट दाखवू.
ओहोटीला बायका सळई घेऊन खडपावर उतरतात.
बिळाच्या तोंडाशी शिंपल्यांचा चुरा दिसला
की समजायचं, आत कुणी जेवलंय.
सळई घालायची, थांबायचं, ओढायचं.
आठपायी येतो, सळईला वेढे घालत.

पुढे पुढे ते हलके येऊ लागले.
आईच्या हाती काटा होता तेव्हा दांडी आपटायची;
माझ्या हाती ती नुसती हलायची,
झोपेत कुणी हाक ऐकावी तशी.
आकडा सांगताना मलाच लाज वाटायची,
जणू उरलेलं मीच खाल्लं.

मग चिंचेखाली बैठक बसली.
उत्तरेचं खडप तीन महिने बंद.
म्हाताऱ्या रेझाफीनं पाण्यात रम ओतली,
पूर्वजांच्या कानावर घातलं.
मोडेल त्याला दंड, एक बोकड.
बोकड म्हणजे किती,
ते ज्याच्या दारात नाही त्याला विचारावं.

(बाहेर खोल पाण्यात
रात्रभर दिवे लावून जहाजं तळ खरवडत होती.
त्यांच्याकडे बोकड मागायला
आमची होडी पोचत नाही.)

दुसऱ्या महिन्यात, अवसेच्या ओहोटीला
सोआफारा सापडली. माझ्या भावाची बायको.
हातात सळई, टोपली रिकामी.
पोर तापानं फणफणलेलं, दुकानात उधारी बंद,
हे सगळ्या गावाला ठाऊक. मलाही.
मी पंचांत होते.
मी म्हटलं, बोकड.

कितीतरी दिवसांनी, मासळीला मीठ चोळताना
ती आपणहून बोलली:
"सळई घातली तर तिनं धरली गं.
ओढली नाही. नुसती धरली,
अंधारात कुणी मनगट धरावं तशी.
मी टॉर्च लावला.
छताला अंडी लोंबत होती,
बारीक, हजारो, लोंब्यांवर लोंब्या,
आणि ती त्यांच्यावर पाण्याची फुंकर घालत होती.
अंगावर मांस कुठलं?
उपाशी राखण करते, पिल्लं सुटली की मरते.
तुझ्या काट्यावर ती भरलीही नसती.
एकेक पाय सोडवून सळई काढून घेतली.
वेळ लागला.
तेवढ्यात तुमची माणसं आली."

पंचांसमोर का नाही बोललीस?

"सळई तर घातलीच होती ना."

बोकड तिनं बहिणीकडून आणला.
तो आम्ही सगळ्यांनी खाल्ला.
मीही.

खडप उघडलं त्या पहाटे
शंख वाजायच्या आधीच बायका पाण्यात उभ्या होत्या,
घोटाभर, तोंडाला पिवळं चंदन फासून.
दुपारी काट्यापाशी रांग.
दांडी आपटली. पुन्हा आपटली.
एकेक आठपायी असा की दोन्ही हातांनी उचलावा.
वलामानाची पोरगी तर हसता हसता रडायलाच लागली.

सोआफारा शेवटी आली.
कुणी म्हणालं, त्या बिळाशी ती बराच वेळ बसली होती,
सळई काखेत, आत नुसता हात घालून.
आत काय होतं, मी विचारलं नाही.

तिची टोपली टांगली. आकडा लिहिला.
चांगला आकडा होता.
बोकडाला पुरला नसता.

तिनं आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
म्हणाली, परत टांग.

परत टांगली.

तेवढाच.